आबांच्या चार राखीव तारा

आबा, वेग आला.

हे वाक्य तुम्हाला तोंडावर ऐकवायची मला किती हौस होती, ते तुम्हाला चांगलंच माहीत आहे. तुम्ही पलंगावरून मान हलवून म्हणाला असतात, "मंग? मी काय सांगत व्हतो?" आणि मी चिडले असते, कारण तुम्ही सांगत होतात तसं ते नव्हतंच. म्हणजे अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी सांगत होते. आपलं भांडण असं निम्मं निम्मं सुटेल हे तुम्हालाही वाटलं नसेल आणि मला तर मुळीच नाही.

जलदान विधीला मला बोलता आलं नाही. टाकव्याची सगळी भावकी आली होती, तुमचे रेल्वेच्या सिग्नल खात्यातले जुने जोडीदार आले होते. आदरांजलीला एकेक जण उठून तुम्हाला इतकं थोर करत होता की मला वाटलं, आता आबा तसबिरीतून म्हणणार, "बास करा की लेकाहो, लोकं उपाशी बसलीत." मग माइक माझ्याकडे आला. "सूनबाई, दोन शब्द." मी म्हटलं, "आबांनी मला मुलीसारखं वागवलं," आणि बसले. मुलीसारखं कशाचं? मुलीशी कुणी एवढं भांडतं का? आणि तेही एका तारेवरून?

आणखी एक गोष्ट सभेत सांगता येत नाही. तुम्ही गेलात तेव्हा रडू नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. माझं नाही, तुमचं सुटणं. त्या ऑक्सिजनच्या मशिनचा आवाज थांबला आणि घरात अशी शांतता झाली की आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सुटलं गं माझं मानूस." मीही हेच म्हणत होते मनात. शेवटचे महिने तुम्ही एकेक श्वास ओढून आणत होतात, ते बघवत नव्हतं. आता कुणी मला निर्दय म्हणो, पण मला बरं वाटलं आबा. तुम्हाला उशीला टेकून न बसता सरळ झोपलेलं मी किती दिवसांनी पाहिलं.

तर तार.

वरचा मजला बांधला तेव्हा तुम्ही नुकते रिटायर झाला होतात आणि हाताला काम नसल्यामुळे घरातल्या प्रत्येकाच्या जिवाला घोर होतात. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. लोणावळ्याच्या रिसॉर्टमधली लग्नं, पवनेच्या काठावरची लग्नं. शूटिंग दुसरी मुलं करायची, कापणं-जोडणं माझं. इंटरनेटवाला म्हणाला, खालचं वायफाय स्लॅबमधून वर नीट पोचणार नाही, केबल टाकून घ्या, आमचा माणूस पाठवतो. तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की बिचाऱ्याने चहा अर्धा टाकला. "आमच्या घरात तार टाकायला भायेरचा मानूस?" दुसऱ्या दिवशी कामशेतला जाऊन केबलचं बंडल खांद्यावर घेऊन आलात. भिंतीचं प्लास्टर ओलं असतानाच पाइप बसवून घेतलात, त्यातून तार ओवलीत, वर माझ्या टेबलामागे एक सॉकेट, खाली टीव्हीमागे एक सॉकेट. मला म्हणालात, "घे, सूनबाईचं हापीस झालं." मी पेढे आणले होते. आठवतंय?

आणि मग माझी नखपॉलिश गायब झाली. लाल. मी सगळं घर शोधलं. तुम्ही सॉकेटच्या प्लेटच्या स्क्रूंवर तिचे ठिपके मारून ठेवले होते! सील म्हणे. कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका तडकणार आणि तुम्हाला कळणार. सिग्नलच्या पेट्यांना असतं तसं. "आबा, घरात कोण उघडणार आहे?" म्हटलं तर म्हणालात, "म्हनूनच. कोन उघडनार, हे म्हाईत असलेलं बरं." बाटली परत दिलीत तेव्हा तळाला थेंबभर उरली होती.

सुरुवातीला कशाची तक्रार नव्हती. इंटरनेट चालायचं, काम लहान होतं. मग कॅमेरे बदलले, एकेका लग्नाचं फुटेज अवाढव्य व्हायला लागलं. ते साठवायला मोठ्या डिस्कांचा डबा घेतला. तो ठेवला खाली इन्व्हर्टरशेजारी, कारण वर पत्र्याखाली उन्हाळ्यात मीच भाजून निघायची, तिथं डबा काय टिकणार. आणि मग सुरू झालं रडगाणं. खालून वर फाइल ओढायला घेतली की वेगाचा आकडा अकरावर जायचा आणि तिथंच ठाण मांडून बसायचा. फाइल छोटी असो, मोठी असो, सकाळ असो, दुपार असो, अकरा. मी स्वयंपाक करून यायचे, आंघोळ करून यायचे, तुमच्याशी एक भांडण करून यायचे, तरी ती पट्टी आपली अर्ध्यावर.

"तार खराब आहे," मी म्हणायची.

"तार मी टाकलीय," तुम्ही म्हणायचात. जणू हे उत्तर झालं!

मी काय नाही केलं? मधली डबी बदलली, ज्यात सगळ्या केबली येऊन मिळतात ती. डब्यातल्या डिस्का तपासल्या. शेवटी लॅपटॉप खाली आणून हातभर वायरीने सरळ त्या डबीला जोडला. धाडदिशी दसपट वेग! मी नाचतच तुमच्याकडे आले. "आबा, सिद्ध झालं! डबा बरोबर, डबी बरोबर, उरली कोण? तुमची तार." तुम्ही पेपर खाली केलात, चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "तार न्हाई. तुजं वरचं यंत्र मंद हाय." वरचं यंत्र मी कर्ज काढून नवंकोरं घेतलं होतं हो! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, मग उघडूच द्या ना ती प्लेट, आत काय आहे ते बघू.

"चालू लाइनीला हात लावायचा नसतो."

"चालू कुठंय? रांगतेय ती."

"रांगती म्हंजी चालूच हाय की."

तुमचा लेक सिद्धार्थ तेव्हा कंपनीतून पहिली पाळी करून येऊन झोपला होता. आपल्या आवाजाने उठला आणि म्हणाला, "तुम्ही दोघं एकदा कोर्टात जा." आई मात्र आतून हसत होत्या. त्यांना ठाऊक होतं, नोकरीभर तुम्ही हेच करत आलात. गाडी जाणाऱ्या रुळावरच्या तारेला, लाइन बंद केल्याशिवाय आणि परवानगी आल्याशिवाय, तुम्ही कधी बोट लावलं नाहीत. तिथं ती शिस्त जीव वाचवायची. माझ्या टेबलामागे ती कशाला हवी होती, हे मला कळायचं नाही.

राग आला तरी मी तुम्हाला दाखवल्याशिवाय कधी फिल्म दिली नाही, हेही खरं. तुम्हाला जिना चढवेना तेव्हा मी कच्ची फिल्म खालच्या टीव्हीवर लावायची. तुमच्या त्या रांगत्या तारेवरून ती खाली यायची आणि तुम्ही बघायचात. नवरा-नवरी, ड्रोन, फुलांचा पाऊस, यातलं काही तुम्हाला दिसायचंच नाही. "नवरीचा बाप कुटं गेला?" "आबा, आहे की मघाशी." "मघाशी म्हंजी पाठमोरा. त्याचं तोंड दाखव. अन ती वाढपी पोरं? एवढं राबली, त्यांना एकदा तरी घे." मी कुरकुरत वर जाऊन घ्यायचे. आज लोक मला फोन करतात ते म्हणतात, मॅडम, तुमच्या फिल्ममध्ये आमचे वडील दिसतात. ही सगळी तुमची मेहेरबानी. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तारेच्या भांडणात तुमचं पारडं जड झालं असतं.

तुमची आणखी एक खोड. राखीव. घरात सगळ्याचं राखीव असायचं. गॅसची टाकी राखीव, टॉर्च राखीव, चष्मा राखीव. जेवणाच्या डब्यातली एक भाकरी सुद्धा तुम्ही घरी परत आणायचात म्हणे, राखीव म्हणून. आई चिडवायच्या, "मला बी राखीव ठिवलीय का कुनी?" मशीन आलं तेव्हा तुम्ही त्याच्याशेजारी भरलेला सिलिंडर उभा करायला लावलात, आणि वीज गेली त्या पावसाळ्यात त्याच सिलिंडरने तुम्हाला तारलं. शेवटी शेवटी एकदा मी तुमची पाठ चोळत होते. तुम्ही दम घेत घेत म्हणालात, "आता राखीव काय न्हाई गं सुजाता. जेवढं व्हतं तेवढं लावलं." मी म्हटलं, "असू द्या आबा, मी आहे." ते तुम्ही ऐकलंत की नाही, कळलं नाही.

तुम्ही गेल्यावर मांडव उतरला, पाहुणे गेले, आणि लोणावळ्याचं एक मोठं लग्न माझ्या बोकांडी बसलं होतं. तुमच्या आजारपणात मी ते मागे सारलं होतं. त्या लोकांनी समजून घेतलं, पण किती समजून घेणार? अकराच्या वेगाने मला ते वेळेत झेपणार नव्हतं. डबा वर आणावा तर पत्र्याखाली तापणार, मी खाली यावं तर टीव्हीच्या खोलीत आई झोपतात. सिद्धार्थने परस्पर एका केबलवाल्याला बोलावलं. तो पोरगा आला, सॉकेटकडे बघून म्हणाला, "केबल गेलीय मॅडम. पाइपमध्ये उंदराने खाल्ली असणार. जुनी ओढून काढतो, नाही निघाली तर भिंत थोडी फोडू, नवीन टाकतो." उद्या येतो म्हणून गेला.

इतकी वर्षं मी हेच मागत होते ना? काढा ती तार, फेका ती तार! आणि तो "ओढून काढतो" म्हणाला तेव्हा मला ती जाऊ द्यावीशी वाटेना. तुमचे कपडे आम्ही वाटून टाकले, मशीन परत गेलं, पलंग वर खोलीबाहेरच्या गच्चीत उभा करून ठेवला. घरात तुमच्या हातचं असं ती तारच उरली होती. तीही माझ्यासाठी ओवलेली.

आई तर हट्टालाच पेटल्या. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन टीव्हीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसल्या. सिद्धार्थ कामावर निघाला होता. म्हणाला, "आई, आठवणी वेगळ्या, काम वेगळं. तिचं पोट आहे त्यावर." आई म्हणाल्या, "तुज्या बापानं टाकलीय ती. म्या जिती हाय तवर कुनी वढून काढायची न्हाई." सिद्धार्थने माझ्याकडे पाहिलं. मी कोणाची बाजू घेणार? दोन्ही बाजू माझ्याच होत्या. तो हेल्मेट घालून निघून गेला.

केबलवाला दुपारी येणार होता. मी आईंसमोर खाली बसले.

"आई, काढत नाही. फक्त एकदा उघडून बघू?"

"त्यांनी कवा उघडू दिली न्हाई."

"चालू लाइनीला हात लावायचा नाही म्हणायचे ना? मग मी लाइन बंद करते."

मी उठले. डबा बंद केला, डबी बंद केली, वर जाऊन कॉम्प्युटर बंद केला. वरून खाली येऊन आईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आई, लाइन बंद आहे. परवानगी द्या."

तुमच्या बायकोला तुम्ही नोकरीतलं काय काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे! त्यांनी डोळे पुसले, पाठ सरळ केली आणि साहेबासारखं म्हणाल्या, "दिली." खुर्ची बाजूला घेतली, टॉर्च हातात घेतला. राखीवातला.

आधी मी वर गेले. नखपॉलिशचे ठिपके जसेच्या तसे होते. स्क्रू फिरवला तेव्हा तो लाल रंग टचकन उडाला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एक सांगू? क्षणभर वाटलं, तुम्ही खालून ओरडणार.

प्लेट निघाली. आणि आबा, मी जे पाहिलं ते बघून मी हसायलाच लागले. वेड्यासारखी हसत होते. आई खालून विचारतायत, "काय गं? काय झालं?"

त्या केबलमध्ये आठ तारा असतात. तुम्ही सॉकेटात चारच लावल्या होत्या. उरलेल्या चार, एकीलाही धक्का न लावता, मागे वळवून, एकमेकींवर गुंडाळून, काळ्या टेपने नीट बांधून ठेवल्या होत्या. टोकं झाकून. राखीव!

सिग्नलच्या केबलमध्ये काही तारा मोकळ्या सोडायचीच रीत, हे तुम्ही शंभरदा सांगितलं होतं. एखादी तुटली तर गाडी अडू नये म्हणून. तुम्ही इथं चार जोडून पाहिल्या असणार, इंटरनेट चाललं असणार, आणि तुम्ही म्हणाला असणार, चारांवर भागतंय तर चार ठेवू पुढच्याला. चारांवर चालतं आबा, पण रांगतं. धावायला आठही लागतात. तार चांगली, हे तुमचं खरं. दोष तारेच्या वाटेतच, हे माझं खरं. आणि आपण दोघं इतकी वर्षं एका बंद प्लेटच्या दोन बाजूंना उभं राहून ओरडत होतो.

सॉकेटावर रंगांच्या खुणा असतात. वरच्या टोकाला त्या चारही मी रंग बघून एकेक दाबून बसवल्या. तुमच्या पत्र्याच्या डब्यात त्यासाठीचं ते छोटं प्लॅस्टिकचं हत्यार होतं. एक नाही, दोन होती. सांगायलाच नको.

मग खाली आले, आणि इथं खरी पंचाईत. खालच्या भिंतीला ओल. आपल्याकडचा पावसाळा कुठल्या भिंतीला सोडतो? प्लेट काढून मी सॉकेट जरा पुढे ओढलं आणि जोडलेल्या तारांतल्या दोन टचकन मानेतूनच तुटल्या. हिरव्या पडल्या होत्या. टोक भिंतीच्या इतकं आत की नवं टोक करायला बोटभरही तार दिसेना. मघापर्यंत रांगत तरी होती, आता तीही गेली. माझ्या हाताने. आईंनी टॉर्च जवळ आणला. "तुटली?" त्या म्हणाल्या. बाहेर केबलवाल्याच्या गाडीचा हॉर्न वाजला.

मी केबल नुसती चिमटीत धरली. ओढायचं सुद्धा धाडस नव्हतं. हळूच जरा पुढे घेतली तर ती आली. आणखी घेतली, आणखी आली. सॉकेट बसतं त्या पेटीच्या मागे, पाइपाच्या तोंडाशी, तुम्ही अख्खं एक वेटोळं करून ठेवलं होतं. ओल न लागलेलं, कोरं, दोन हात भरेल एवढं.

"आई," मी म्हटलं, "आबांनी तार जास्तीची सोडून ठेवलीय."

आई खुर्चीत बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. विधीच्या दिवशी कोरड्या डोळ्यांनी बसलेली ही बाई, दोन हात केबल बघून रडली. मीही रडले. तेवढ्यात तो पोरगा दारात. आमचा अवतार बघून दारातच थबकला. आई नाक पुसत म्हणाल्या, "बस बाळा, च्या घे. तुजं काम न्हाई आता." चहा त्याने पुरा प्यायला.

मी खराब टोक कापलं, नव्याने सोललं, आठही तारा रंगाप्रमाणे बसवल्या. सॉकेट लावलं. सगळं जोडलं. मग आईंकडे वळले.

"लाइन चालू करू?"

"कर."

डबीवरचा वरच्या तारेचा दिवा, जो इतकी वर्षं नारिंगी पेटायचा, तो हिरवा झाला. मी धावत वर गेले, लोणावळ्याचं लग्न ओढायला घेतलं. आकडा अकरावर थांबला नाही. वीस, पन्नास, शंभराच्या वर गेला आणि तिथं राहिला. मी जिन्यावरून ओरडले, "आई, आला वेग!" आई खालून म्हणाल्या, "म्हंजी तार चांगलीच व्हती?"

"व्हय आई," मी म्हटलं. "तार चांगलीच होती."

जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू. फिल्म वेळेत गेली. नवरीच्या वडिलांचं तोंड दाखवलंय, वाढपी पोरं घेतलीत. आईंना खालच्या टीव्हीवर दाखवली, त्या म्हणाल्या, "त्यांना आवडली असती." हो. आणि त्यांनी तीन चुका काढल्या असत्या.

प्लेटा परत लावल्या, स्क्रू आवळले. मग नखपॉलिशची नवी बाटली फोडली आणि चारही स्क्रूंवर लाल ठिपके दिले. आता राखीव तार एकही उरली नाही आबा. तुम्ही म्हणाला होतात तसंच, जेवढं होतं तेवढं लावलं. पण खराब टोक कापून उरलेलं वेटोळं मी छाटून टाकलं नाही, पुन्हा तसंच गुंडाळून पाइपाच्या तोंडाशी ठेवलंय. पुढं कुणाला तरी लागेल.